जुन्या गाडीचा गंज घरी काढताना : आधी पाण्याची वाट, मग पत्रा, रंग शेवटी

रनिंग बोर्डाचा, म्हणजे गाडीच्या दरवाजाखालच्या लांब पेटीचा, खालचा पत्रा कापला तेव्हा आतून ओंजळ-दोन ओंजळ वाळका गाळ फरशीवर पडला, आणि त्या गाळात नखाएवढा पांढरा शंख होता. गोगलगायीचा. आमची १९९९ची मारुती ८०० ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागात घरासमोरच उभी होती, सीट बुडेपर्यंत पाण्यात. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर इंजिन खोलून धुतलं, सीट वाळवल्या, वायरिंग बदललं. गाडी चालू झाली आणि आम्ही म्हटलं, सुटलो. पण पत्र्याच्या पोटात नदी पुढची चार वर्षं तशीच बसून होती.

मधल्या काळात एका गॅरेजात काम करूनही घेतलं होतं. वरून अगदी नवंकोरं दिसत होतं. दोन पावसाळे गेले आणि रंगाखाली आधी मुगाएवढे, मग हरभऱ्याएवढे फुगे आले. एक फुगा नखाने फोडला, तर खाली लांबी, म्हणजे खोलगट पत्रा भरायची पुट्टी, लांबीखाली कोंबलेला पोत्याचा तुकडा, आणि त्याच्याखाली पत्रा नव्हताच. मिरजेच्या ओळखीच्या टिनमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी वाकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन ठोके मारले.

"साहेब, आतनं खाल्लंय ओ. वरनं कितीबी लांबी लावा, काय उपेग?"

त्या वाक्यात निम्मं काम आलं. बाकीचं निम्मं पुढे लिहितो. हातात कधी ग्राइंडर न धरलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण मीही तसाच होतो.

गंज आतून का येतो

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज होतो, हे शाळेत शिकलोय. न शिकवलेली गोष्ट अशी, की झालेल्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. म्हणून तो पापुद्रे धरतो, फुगतो आणि वरचा रंग उचलतो. तुम्हाला दिसणारा फुगा हा बहुतेक वेळा आतून निघालेल्या रोगाचं शेवटचं टोक असतो. बाहेरून रंग खरचटून आलेला गंज वेगळा. तो तपकिरी डागासारखा सपाट पसरतो, त्याला फुगे क्वचित असतात आणि तो काढणं सोपं.

सांगलीत मुळात पाऊस कमी. पण महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात पडलेलं पाणी कृष्णेतून आपल्या दारात येतं आणि येताना बारीक, चिकट गाळ घेऊन येतं. हा गाळ पत्र्याच्या घडीत बसला की ओल्या फडक्यासारखा महिनोन्‌महिने ओलावा धरून ठेवतो. पुरात न सापडलेल्या गाड्यांनाही हेच होतं, फक्त सावकाश. रानातल्या चिखलवाटेनं जाणाऱ्या गाडीच्या चाकाच्या कमानीत एकदा हात घालून बघा. कडेच्या पन्हाळीत बोटभर माती सापडेल.

आधी तपासणी, आणि त्यात घाई नको

गाडी धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. मग हातात तीन वस्तू घ्या : एक बोथट स्क्रूड्रायव्हर, एक साधं लोहचुंबक आणि टॉर्च. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून ते पत्र्यावरून फिरवा. जिथे ते सुटून पडेल तिथे खाली जाड लांबी आहे, म्हणजे तिथे आधी कोणीतरी काहीतरी लपवलंय. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला भद भद वाजतो. भद वाजला तिथे टोकानं दाबा. आत गेलं तर जाऊ द्या. ते भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते तिथे होतंच.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड. दरवाजाची खालची दुमडलेली कड. मागच्या चाकांच्या कमानी. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा. बॅटरीखालचा ट्रे. पायाखालचा फ्लोअर, आणि तोही कार्पेट आणि त्याखालचं नमदं, म्हणजे जाड फेल्ट, उचलून. वरून कोरडं लागणारं कार्पेट खाली पिळता येईल इतकं ओलं असू शकतं. पुढची काच बसते ती चौकटही बघा, पण रबराखाली गंज दिसला तर ते काम नवख्याचं नाही, कारण काच उतरवावी लागते.

आता या सगळ्याचे मनात तीन ढीग करा. पहिला, वरवरचा गंज, खाली पत्रा घट्ट. हे सगळं घरी होतं. दुसरा, भोक पडलेलं पण नुसती कातडी असलेलं : दरवाजाची खालची बाजू, कमानीची कड, डिकीचा तळ. हेही घरी जमतं, थोडी मदत घेऊन. तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. सस्पेन्शन जिथे बॉडीला अडकतं, सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात, जॅक लावायची जागा, खालच्या लांब चॅनेल, दरवाजाचे खांब. मारुती ८००ला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच तिची हाडं. तिथे गंज पोचला असेल तर अनुभवी माणसाकडे न्या. आणि त्यानं "आता पुरे" म्हटलं तर ऐका.

पुढचे मडगार्ड या गाडीला बोल्टनं बसतात. तिथे भोक असेल तर ठिगळ लावत बसू नका, नवा मडगार्ड आणून लावा. मी हट्टानं एक मडगार्ड दुरुस्त केला, त्यात तीन रविवार गेले आणि तो अजूनही तिरक्या उन्हात लाटेसारखा दिसतो.

कधी आणि कुठे

पावसाळ्यात हे काम काढू नका. उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला, पण आपल्याकडे त्याच दिवसांत ऊसतोड असते. रानात पाचट पेटवलं की काळी काजळी मैलभर उडत येते आणि नेमकी ओल्या रंगावर बसते. म्हणून रंग मारायचा तो सकाळी साडेनऊ-दहानंतर, दव उडाल्यावर, आणि बारा-एकच्या आत, वारा सुटायच्या आधी. बाकी घासणं, कापणं दिवसभर केलं तरी चालतं; शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचं तेवढं बघा.

जागा छपराखालची पण तीन बाजूंनी उघडी हवी. खाली शहाबादी किंवा कोबा असेल तर उत्तम. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्टँड लावा, चाकांना दगड लावा, आणि मगच डोकं आत घाला. विटांवर गाडी चढवण्याची आपल्याकडे सवय आहे. वीट भार घेता घेता एकदम फुटते, आधी सांगत नाही.

काय काय आणायचं

चार इंची ग्राइंडर, त्याला तारेचा कप ब्रश, फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) आणि पातळ कटिंग व्हील. पत्रा कापायची कात्री. ८०, १२०, १८०, २४० नंबरचा पॉलिश पेपर आणि ४००, ८००, २००० नंबरचा वॉटर पेपर. गंजावर लावायचं फॉस्फरिक ॲसिडवालं द्रावण. रंगाच्या दुकानात रस्ट कन्व्हर्टर म्हणून मागा. इपॉक्सी प्रायमर, लांबी आणि तिचं हार्डनर, सरफेसर (रंगाआधी बारीक चरे भरणारा प्रायमर), रंग, पत्र्याच्या जोडांत भरायचा सीम सीलर, आतल्या पोकळीत मारायचं वॅक्स. पॅचसाठी सीआर (कोल्ड रोल्ड) म्हणजे साधा, मुलामा नसलेला पत्रा, २२ गेजचा म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, गाडीचा मूळ पत्राही जवळपास तेवढाच असतो. खाली दगड लागतो त्या जागी २० गेज घ्या. कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारलं तर स्वस्तात मिळतात. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा आणू नका. वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

डोळ्यांना गॉगल, कानाला बोळे, धुळीचा चांगला मास्क, कातडी हातमोजे. अंगात सुती कपडे. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ती चिकटून भाजते. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे पुष्कळ दिसतील. त्यांच्यातल्या काहींचे हात बघा. ठिणग्या गाडीच्या काचेवर उडाल्या तर काचेत रुतून बसतात आणि नंतर कितीही पुसा, खरखर जात नाही. हे मला दोन काचा बिघडवल्यावर कळलं. काचांवर जुनी चादर ओली करून टाका.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. बॅटरीच्या ट्रेवर काम असेल तर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ती जागा धुवा. फेस यायचा थांबेपर्यंत तिथे ॲसिड आहे असं समजा.

वरवरचा गंज

इथून हात बसवा. फुग्याभोवतीचा रंग चारी बाजूंनी निदान दोन इंच काढा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. नवखा माणूस इथेच फसतो, डागापुरतंच घासतो. गंज रंगाखालून पुढे सरकलेला असतो, त्याची हद्द तुम्हाला घासल्याशिवाय दिसत नाही. आधी कप ब्रश, मग ८० नंबर. फ्लॅप डिस्क एका जागी दाबून धरू नका. पत्रा निळा पडला म्हणजे तापला, आणि तापला म्हणजे वाकला.

पत्र्यावर काळे ठिपके राहतील, सुईच्या टोकाएवढे. ते खड्डे आहेत, आत गंज आहे, ग्राइंडर तिथे पोचत नाही. तिथे कन्व्हर्टर ब्रशनं लावा, डब्यावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. तांबडं जाऊन काळं-करडं होईल. मग पाण्यानं धुवा, लगेच कोरडं पुसा, उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवा. धुण्याचा कंटाळा करू नका. ॲसिड राहिलं तर वरचा इपॉक्सी नीट धरत नाही. कोणी सांगतं, कोकाकोला ओता. त्यात फॉस्फरिक ॲसिड असतं हे खरं, पण इतकं कमी की त्यापेक्षा तो पिऊन कामाला लागलेलं बरं.

थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. त्याच दिवशी. "उद्या सकाळी बघू" म्हणालात तर उद्या सकाळी परत ८० नंबरचा पेपर हातात असेल.

काढता येणारे लहान भाग, बिजागऱ्या, क्लिपा, बोल्ट, घासत बसू नका. किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड आणा, बादलीत कोमट पाण्यात विरघळवा, भाग रात्रभर बुडवा. सकाळी ब्रशनं धुवून, वाळवून लगेच तेल किंवा प्रायमर.

भोक : कापायचं किती, जोडायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ या कामाला जातो, आणि जाऊ द्यावा.

खाल्लेला पत्रा कापून टाका. जाळीसारखा झालेला पत्रा ठेवून त्यावर पॅच बसवला तर जोड धरायला खाली काही नसतं. चांगल्या, खणखणणाऱ्या पत्र्यापर्यंत मागे या. कापलेल्या भोकाचे कोपरे गोल ठेवा. काटकोनात तडा लवकर जातो. आत दिसणारा गाळ खरवडून काढा, मग व्हॅक्यूम किंवा कॉम्प्रेसरची हवा. पाणी मारलंत तर पुढचे दोन दिवस वाळवण्यात घालवायची तयारी ठेवा.

रनिंग बोर्ड कापताना एक धडा फुकटात घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कापू नका. ही पेटी गाडीचा भार उचलते. ती कापली की गाडी मधोमध किंचित बसते, आणि तुम्ही त्याच अवस्थेत वेल्डिंग केलंत की दरवाजा जन्मभर आदळून लावावा लागतो. वीतभर कापा, जोडा, मग पुढची वीत. दर वेळी दरवाजा उघडून-लावून बघा, कडेची फट वर-खाली सारखी आहे का ते बघा.

पॅचचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढा. जुन्या लग्नपत्रिकेइतका चांगला पुठ्ठा दुसरा नाही : जाड, वळतो, मोडत नाही. भोकावर धरा, मागून बोटानं कड दाबा, ठसा उमटतो, त्यावरून कापा. पुठ्ठा नीट बसला की तोच पत्र्यावर ठेवून खुणा करा. पत्र्याला बाक द्यायचा असेल तर गॅसच्या लोखंडी पाइपाच्या तुकड्यावर ठेवून लाकडी हातोडीनं हळूहळू ठोका. एकदम मोठा ठोका मारला की पत्रा ताणला जातो, मग तो डबीच्या झाकणासारखा टक टक करत राहतो. माझे पहिले तीन पॅच भंगारात गेले. चौथा बसला तेव्हा फट चारी बाजूंनी मिलिमीटरभर होती, आणि मी तो पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

वेल्डिंगचं खरं सांगतो. पहिल्यांदा स्वतः करू नका. साधा आर्क या पातळ पत्र्याला जोडत नाही, आणखी भोकं पाडतो. सीओटू वेल्डिंग, म्हणजे गॅसच्या झोतात बारीक तार वितळवणारं, लागतं, आणि त्याला हात बसायला आठवडे जातात. मी सगळं कापून, घासून, पॅच घडवून तयार ठेवलं आणि मिस्त्रींना मशीन घेऊन बोलावलं. त्यांचं काम दोन तासांत झालं. मजुरी कमी पडली कारण वेळखाऊ काम मी केलं होतं. ते करत असताना बघा मात्र नीट : चार कोपऱ्यांवर एकेक टाका, मग समोरासमोर एकेक, कधीही सलग रेघ नाही. दोन टाक्यांमध्ये पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ दिला पाहिजे. कोणी घाईनं सलग ओढायला लागला तर त्याला चहा द्या.

वेल्डिंगच्या आधी त्या बाजूचं कार्पेट, सीट, नमदं बाहेर. पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघून ठेवा. टाकीच्या जवळ वेल्डिंग असेल तर टाकी उतरवल्याशिवाय नाही. गॅस किट असलेल्या गाडीला तर किट जाणकाराकडून उतरवल्याशिवाय ठिणगीसुद्धा नको. पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं हाताशी, आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळ बसा. नमद्यात विस्तव धुमसत राहतो आणि सगळे जेवायला गेल्यावर पेटतो.

भार न घेणाऱ्या कातडीवर, म्हणजे डिकीच्या तळावर किंवा दरवाजाच्या खालच्या पत्र्यावर, वेल्डिंगऐवजी दोन भागांचं पॅनल ॲडहेसिव्ह चालतं. पॅच भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा घ्या, दोन्ही पत्रे चकचकीत करा, लावून क्लँपनं रात्रभर दाबून ठेवा. पॉप रिवेट मारायचे तर स्टीलचे मारा. ॲल्युमिनियमचे रिवेट ओल्या लोखंडी पत्र्यात बसले की दोन धातूंचं भांडण लागतं, त्यात रिवेटच खाल्ला जातो आणि पॅच सैल होतो. फायबरची जाळी आणि रेझिनही लावतात. ते जत्रेपुरतं. मागून पाणी येत राहतं आणि जाळी पत्र्यापासून सुटते.

आणि चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर, लांबी, जाड रंग काहीच नको. तो पुसट झाला तर आरटीओत तुमचीच गाडी तुमची आहे हे सिद्ध करत बसाल.

लांबी

लांबी ही पत्र्यातला खोलगटपणा भरायला असते, भोक बुजवायला नसते. ती पाणी शोषते, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून उघड्या पत्र्याऐवजी इपॉक्सी प्रायमर मारून, वाळवून, १८० नंबरनं घासून त्यावर लावा. तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि घासताना कोरडंच घासा.

लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढं हार्डनर. उन्हाळ्यात त्याहून थोडं कमी, नाहीतर पत्र्यापर्यंत न्यायच्या आत दगड होते. गोल गोल ढवळू नका, हवेचे बुडबुडे राहतात. पाटीवर पसरा, गोळा करा, परत पसरा, रंग एकसारखा होईपर्यंत. पातळ थर लावा. घासायला बोटांनी पेपर धरू नका, बोटांच्या नाल्या पडतात. जुन्या हवाई चपलेचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा. टिनमिस्त्री हेच वापरतात, आणि बाकावर तो इतका छान वळतो की विकत घेतलेला ठोकळा बाजूला पडतो. ८०, मग १२०, मग १८०, आडव्या-तिरक्या हातानं.

झालं का ते डोळ्यांना विचारू नका. डोळे मिटून तळहात फिरवा. जिथे हात "थांबला" तिथे अजून काम आहे.

प्रायमर आणि रंग

सरफेसरचे दोन-तीन हात द्या. वाळल्यावर लांबून काळ्या रंगाची अगदी हलकी फवार मारा, नुसता शिडकावा. मग ४०० नंबरनं पाण्यात घासा. उंचवट्यावरचा काळा आधी जाईल, खड्ड्यात राहील. जिथे काळा राहिला तिथे परत भरा. कंटाळवाणं आहे, पण रंग चढल्यावर तो खड्डा दिसण्यापेक्षा बरं.

रंगाचा कोड गाडीच्या प्लेटवर असतो; जुन्या पांढऱ्या मारुतीला बहुधा सुपीरियर व्हाइट. दुकानदार कोडवर रंग काढून देईल, तरी पंचवीस वर्षं उन्हात राहिलेल्या पांढऱ्याशी तो जुळणार नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नमुना म्हणून न्या. जुन्या रंगावर काय बसेल हे बघायला आडबाजूला थिनरचं फडकं घासा. रंग फडक्यावर आला तर जपून, नवा थर टाकल्यावर खालचा सुरकुत्या धरू शकतो.

हार्डनर घालून मारायचा टू-के रंग घरी मारू नका. त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा दमा देऊ शकतो आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. नवख्यानं स्प्रेच्या डब्यातला साधा रंग घ्यावा. मास्किंग टेप पॅनलच्या मधोमध संपवू नका, कुठल्या तरी कडेवर किंवा रेषेवर संपवा. वर्तमानपत्र दोन पदरी लावा, एका पदरातून थिनर शाई घेऊन उतरतो. डबा एक वीत लांब, हात चालता, आणि बटण पॅनलच्या बाहेर दाबायचं, बाहेर सोडायचं. पहिला हात इतका हलका की खालचं दिसत राहावं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. रंग ओघळला तर लगेच पुसू नका. वाळू द्या, मग ८००नं घासा. चांगला वाळल्यावर, आठवडाभरानं, २००० नंबर साबणाच्या पाण्यात आणि मग रबिंग कंपाउंड.

एक पळवाट सांगतो. पहिलं रंगकाम म्हणून रनिंग बोर्डच निवडा आणि त्यावर बॉडीच्या रंगाऐवजी काळं खरबरीत स्टोनगार्ड मारा. खडेही सोसतं आणि पॅचवरचे तुमचे हात लपवतं. अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर ती गोष्ट वेगळी, त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण, आणि मग दर ५ वर्षांनी, तेव्हा गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. रंग आणि कागद जुळायला हवेत.

रंग वाळला, पण काम संपलेलं नाही

वेल्डिंगनं आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो. बाहेरून तुम्ही सहा थर दिलेत, आत उघडा, तापून कोरा झालेला पत्रा आहे. पुढचा गंज तिथूनच येणार. सगळ्या जोडांवर सीम सीलर, आणि पोकळीत लांब नळीनं वॅक्स मारा, ड्रेनच्या भोकांतून थेंब गळेपर्यंत. नंतर ती भोकं काडीनं मोकळी करा.

मिस्त्री मंडळी पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायला सांगतात. घाटात, कोकणात गाड्या चालवणारे वर्षानुवर्षं मारतात आणि पत्रा टिकतोही. पण ते रबरं खातं, धूळ धरतं, ब्रेकवर गेलं तर गाडी थांबत नाही. मी बंद केलं. गंजावरच डांबरासारखं अंडरकोटिंग मारणं त्याहून वाईट, ओलावा आत आणि झाकण वर.

शेवटची चाचणी दरवाजाची. काच खाली घ्या आणि रबराच्या फटीत तांब्याभर पाणी सावकाश ओता. काचेवरून पाणी दरवाजाच्या पोटात उतरणारच, ती रचनाच तशी आहे. दोन-तीन मिनिटांत ते खालच्या भोकांतून सगळं बाहेर पडलं पाहिजे. आमच्या डाव्या दरवाजातून एक थेंबही आला नाही. टॉर्चनं बघितलं तर भोकं त्या आधीच्या गॅरेजच्या लांबीनं बुजलेली होती, वरून व्यवस्थित पांढरा रंग. खिळ्यानं टोकरली तेव्हा आतून तपकिरी पाणी आलं, बराच वेळ येत राहिलं.

तेव्हापासून मृग लागायच्या आधीच्या एका रविवारी खराट्याची काडी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतो. चारही दरवाजे, दोन्ही रनिंग बोर्ड, डिकीचा तळ. प्रत्येक भोकातून काडी आत जाऊन सरळ बाहेर आली पाहिजे. दहा मिनिटं लागतात.